विकतचे ऊन

उन्हाळ्याची सुट्टी कोठे घालवावयाची, हा आमच्या लहानपणी प्रश्नच नव्हता. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याहून निघणारी एस. टी. पकडावयाची, नारायणगावी उतरावयाचे, आणि कोणी न्यावयास आले असल्यास बैलगाडीने, नसल्यास पायी, येडगाव गाठावयाचे, एवढाच त्या सुट्टीचा बेत असे. आणि तो ठरविण्यास कोणासही बैठक भरवावी लागत नसे. आजोबांचे घर कुकडी नदीच्या अंगास होते. १९७७ साली येडगावचे धरण पुरे झाले तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. नदीकाठचा आमचा मळा पाण्याखाली गेला. त्या पाण्याकडे पाहून आजोबा गप्प बसत. आम्ही मुले मात्र हर्षाने उड्या मारीत असू, कारण आम्हांस घरचा समुद्र मिळाला होता. पुढे मुंबईस खरा समुद्र पाहिला तेव्हा त्याचे पाणी खारट निघाले, याचीच काय ती आमची निराशा झाली.

ही जुनी हकीकत आज आठवण्यास एक कारण घडले. गेल्या फाल्गुनात आमच्या धाकट्या बंधूंच्या पुण्यातील घरी सुट्टीचा बेत ठरविण्यासाठी रीतसर बैठक भरली. बंधू संगणकाच्या धंद्यात चांगल्या हुद्द्यावर आहेत. कन्या दहावीत आहे, चिरंजीव सहावीत. भिंतीवरील मोठ्या पडद्यावर भूमध्य समुद्राचे निळे पाणी झळकत होते. नीस की बार्सिलोना, की ग्रीसमधील एखादे बेट, यावर मते घेतली जात होती. दहा दिवस आणि नऊ रात्री. चौघांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. त्यातील निम्मी रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सोय प्रवास घडविणारी मंडळीच करून देणार होती. आम्हांसही आग्रहाचे आमंत्रण होते, आणि खोटे कशास बोलावे, आमचे मनही क्षणभर पाघळले होते. इतक्यात येडगावाहून मातोश्रींचा दूरध्वनी आला. वडिलांच्या पश्चात त्या गावच्या घरी राहतात. वय ८२ वर्षांचे. नातवाने त्यांस मोठ्या उत्साहाने सगळा बेत सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "तिकडचं पाणी गोडं आहे का रे?" नातू म्हणाला, "आजी, समुद्र आहे तो! खारंच असणार." त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मग खाऱ्या पाण्यासाठी इतकं लांब का जायचं?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु घरी परतल्यावर त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही, आणि पुढील मजकूर हा त्या छळाचा परिणाम आहे.

प्रथमच एका गैरसमजाचे निराकरण केलेले बरे. समुद्रोल्लंघनाने धर्म बुडतो असे म्हणणाऱ्या शास्त्रीमंडळींचे आम्ही वारस नव्हे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊकही नाहीत, आनंदीबाईंचे आहे. परदेश पाहावा, मनमुराद पाहावा. ज्याचा पैसा त्याने तो कसा खर्चावा याचाही निवाडा करण्यास आम्ही बसलेलो नाही. आमचा विरोध आहे तो एका समजुतीस. ती समजूत अशी की, विश्रांती म्हणजे समुद्र, समुद्र म्हणजे ऊन, आणि ते ऊन अस्सल हवे असेल तर ते भूमध्य समुद्राच्या काठचेच असले पाहिजे. ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतकी मुरली आहे की तिचे कूळ विचारण्याचेही कोणास सुचत नाही. म्हणून ते आम्ही विचारतो.

समुद्रकाठी सुट्टी घालविण्याची चाल इंग्लंडात निघाली, आणि ती सुखासाठी नव्हे तर औषधासाठी निघाली. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या गुणांवर ग्रंथ लिहिला; तो रोग्यांस समुद्रात बुचकळून काढी, इतकेच नव्हे तर ते पाणी पिण्यासही देई. ब्रायटन गावाचे भाग्य त्यातून उघडले. पुढे धुके, कोळशाचा धूर आणि क्षय यांनी गांजलेले श्रीमंत इंग्रज दक्षिणेस नीस येथे जाऊ लागले. तेथील समुद्रकाठच्या रस्त्यास 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता' हेच नाव पडले, कारण १८२०च्या सुमारास तो त्यांच्याच वर्गणीतून झाला. त्या किनाऱ्याचे 'कोत द'आझ्यूर' हे प्रसिद्ध नाव तर १८८७ सालचे, एका लेखकाने आपल्या पुस्तकासाठी योजिलेले! आणि यातील मौज अशी की, ही सगळी मंडळी तेथे हिवाळ्यात जात. व्हिक्टोरिया राणीही नीसला जाई ती उन्हाळा लागण्यापूर्वीच. उन्हाळ्यात तेथील मोठमोठी हॉटेले बंद असत, कारण उन्हाळ्यात त्या उन्हात कोण जाईल? भर उन्हाळ्यात वाळूत पडून अंग भाजून घेणे ही १९२० नंतरची टूम आहे. आणि १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांस पंधरा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली तेव्हापासून समुद्रकाठची सुट्टी सामान्य माणसाच्याही आटोक्यात येऊ लागली.

हा इतिहास आम्ही त्या लोकांची थट्टा करण्यासाठी सांगितला नाही. वर्षातील सात-आठ महिने ज्यांस सूर्याचे दर्शन दुर्मिळ, त्यांनी ऊन विकत घेणे शहाणपणाचेच आहे. परंतु ज्या देशात वैशाखात दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात, जेथे सावलीस देवत्व देऊन वडाभोवती सूत गुंडाळतात, जेथे वाटसरूस पाणी पाजणारी पाणपोई हे पुण्यकर्म समजतात, तेथील माणसाने दहा लाख रुपये मोजून ऊन खावयास जावे, यास काय म्हणावे? दुसऱ्याच्या दुखण्यावरील औषध आपण मिठाई समजून खात आहोत. आमच्या पूर्वजांनी उन्हाळ्यासाठी जे शोधले ते ऊन नव्हते. माजघराचा गारवा, वाळ्याचे पडदे, माठातील पाणी आणि आमराई हे आमच्या उन्हाळ्याचे शोध आहेत, आणि ते कोणत्याही ग्रीक बेटाहून कमी बुद्धीचे नाहीत.

बरे, ही टूम पाळावयाची तर ती निदान पंचांग पाहून तरी पाळावी! आपल्या शाळांस सुट्टी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. नीसचा समुद्र मेच्या पूर्वार्धात अठरा अंशांच्या आसपास असतो. त्यात पाय घातलेले मूल किंचाळत बाहेर येते. पाणी पोहण्याजोगे ऊबदार होते जुलै-ऑगस्टात, आणि तेव्हा आपली मुले पावसाळी डबक्यांतून शाळेत जात असतात. जे ही अडचण ओळखून शाळा बुडवून जुलैत जातात त्यांची गत निराळी. जुलै २०२३ मध्ये रोड्स बेटावर वणवा पेटला आणि सुमारे १९,००० माणसांस घरे व हॉटेले सोडून हलवावे लागले. त्याच महिन्यात आणि पुन्हा जून २०२४ मध्ये उन्हाच्या तडाख्यामुळे अथेन्सचा अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुष्काळामुळे बार्सिलोना व भोवतालच्या मुलखात पाण्याची आणीबाणी पुकारली गेली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत तेथील रहिवाशांनी मिरवणूक काढून उपाहारगृहांत बसलेल्या प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. घरभाडी आवाक्याबाहेर गेली, गाव आपले राहिले नाही, ही त्यांची तक्रार होती. यजमान दारात उभा राहून 'आता पुरे' म्हणत असता आपण आगाऊ पैसे भरून त्याच्या ओसरीवर चढावे, हे आतिथ्यधर्मास तरी शोभते काय? आणि त्या दारापर्यंत जाण्यासाठी आधी जी याचना करावी लागते तिचे वर्णन ज्यांनी ती केली आहे त्यांस सांगावयास नको: बँकेचे उतारे, पगाराचे दाखले, तीस हजार युरोंचा विमा, बोटांचे ठसे, आणि जून २०२४ पासून प्रत्येक प्रौढास नव्वद युरो फी, जी अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही.

परंतु हे सर्व व्यवहाराचे मुद्दे झाले, आणि व्यवहाराच्या मुद्द्यांवर कोणाचेही मत बदलत नाही हे आम्ही तीस वर्षे वर्गात उभे राहून शिकलो आहोत. प्रतिपक्षाचा खरा आक्षेप निराळा आहे आणि तो आमच्या वहिनींनी त्या बैठकीत चोख शब्दांत मांडला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, समुद्र कोकणातही आहे हे आम्हांला माहीत आहे. पण वाळूत काचा, पाण्यात पिशव्या, बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही, आणि बुडणाऱ्याला वाचवायला माणूस नाही. मुलांना घेऊन तिथे कसं जायचं?" या आक्षेपातील एकही अक्षर खोटे नाही. आपल्या महाराष्ट्रास सुमारे ७२० किलोमीटरांचा किनारा लाभला आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत मुरुड, हरिहरेश्वर, गुहागर अशी स्थळे आहेत. वेळासला तर कासवांची पिले समुद्राकडे निघालेली पाहावयास मिळतात. आणि तरीही त्या किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी वहिनींनी वर्णिलेली दशा आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मात्र येथेच आमचा मतभेद सुरू होतो. ही दशा कोणामुळे झाली? एखाद्या स्थळाची निगा राखली जावी अशी ज्यांस चाड असते, ज्यांस अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्यास जाब विचारता येतो, वर्तमानपत्रात तक्रार छापून आणता येते, तो वर्ग त्या स्थळी जाईनासा झाला की ते स्थळ निराधार होते. आपल्या वर्गाने हेच सर्वत्र केले आहे. मराठी शाळा बिघडू लागली, आपण मुले काढून घेतली. ती आणखी बिघडली. सरकारी दवाखाना घाण झाला, आपण खासगी दवाखान्यात गेलो; तो आणखी घाण झाला. एस. टी. खिळखिळी झाली, आपण मोटार घेतली. प्रत्येक वेळी आपले वागणे एकट्याच्या हिशेबाने शहाणपणाचे होते, आणि प्रत्येक वेळी मागे राहिलेल्यांस त्या शहाणपणाची किंमत द्यावी लागली. किनाऱ्याची पाळी आता आली आहे. आपण सोडून जातो म्हणून ते बिघडते, आणि ते बिघडले म्हणून आपण सोडून जातो. या चक्रात कोठे तरी कोणी तरी पाय रोवून उभे राहिल्याखेरीज ते थांबणार नाही.

कोणी म्हणेल, भूमध्य समुद्राचा किनारा निसर्गतःच स्वच्छ आहे, त्यास आम्ही काय करणार? हाही भ्रमच. ज्या बार्सिलोनाच्या पुळणीची चित्रे आमच्या बंधूंच्या भिंतीवर झळकत होती, तेथे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कारखाने, लोहमार्ग आणि झोपड्या होत्या, आणि शहराची तोंड समुद्राकडे वळविण्याची इच्छाही नव्हती. १९९२च्या ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने ती जागा मोकळी करून, वाळू आणून टाकून, आजची पुळण घडविली गेली. भूमध्य समुद्र प्रदूषणाने मरू लागला आहे हे ओळखून काठच्या राष्ट्रांनी १९७६ साली त्याच शहरी करार केला. फ्रान्सने १९७५ साली किनाऱ्यावरील जमिनी विकत घेऊन राखण्यासाठी एक सार्वजनिक संस्था काढली आणि १९८६ साली किनाऱ्यावरील बांधकामास आळा घालणारा कायदा केला. स्पेनने १९८८ साली पुळण ही सर्वांची मालमत्ता असल्याचे कायद्याने घोषित केले. तात्पर्य, ज्या निळाईस आपण निसर्गाचे वरदान समजतो ती नागरिकांची करणी आहे. ते लोक आपला घाणेरडा किनारा टाकून दुसऱ्याच्या स्वच्छ किनाऱ्यावर पळाले असते, तर आज आपल्यास पळून जावयास किनाराच उरला नसता!

दुसरा आक्षेप अधिक उदात्त आहे. प्रवासाने मुलांची दृष्टी विशाल होते, असे म्हणतात. होते; पण कोणत्या प्रवासाने? ज्या प्रवासात सकाळी बसमधून उतरावयाचे, पंधरा मिनिटांत चर्च पाहावयाचे, स्वतःचे छायाचित्र घ्यावयाचे आणि दुपारी महाराष्ट्रीय भोजन मिळते की नाही याची चौकशी करावयाची, त्याने दृष्टी विशाल होत असल्यास आम्हांस तिचा अनुभव नाही. भूमध्य समुद्राशी मराठी माणसाचा संबंध काही आजचा नव्हे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलच्या बंदरात 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी उडी घेतली आणि त्या अटकेचा वाद हेगच्या न्यायासनापुढे गेला. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींनी इटलीत जे रक्त सांडले त्याची नोंद सांग्रो नदीच्या काठी दगडावर कोरलेली आहे. एड्रिएटिक समुद्राजवळच्या त्या जागी अग्नी दिलेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. आमच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांस गोळ्यांच्या वर्षावातून पाठीवर आणले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माँतोने गावच्या इटालियन लोकांनी २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ छायाघटिका उभारली आहे. इटलीच्या सहलीची किती वेळापत्रके आम्ही चाळली. त्यात एकातही सांग्रो नाही, माँतोने नाही. चामड्याच्या पिशव्यांचे दुकान मात्र प्रत्येकात आहे.

आणि त्याहून जुना संबंध तर आमच्या जुन्नरच्याच डोंगरांत कोरलेला आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येई व तेथून पैठणाकडे जाई. इजिप्तच्या बंदरांतून जुलैत शिडे उभारून मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी इसवी सनाच्या पहिल्या शतकात जी मार्गदर्शिका लिहिली गेली, तीत कल्याण आहे आणि पैठणही आहे. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स नाणे ओढून नेतो अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनीने त्याच शतकात केली होती. त्याच्या देशाचे सोने तेव्हा आपल्या घाटात चढत होते, आज आपले हप्ते त्याच्या किनाऱ्यावर उतरत आहेत. प्लिनीचा आत्मा आता तृप्त झाला असेल.

जुन्नरभोवती दोनशेच्या आसपास लेणी व इतर खोदकामे आहेत. त्यांतील तीन ब्राह्मी शिलालेखांत देणगी देणाऱ्यांनी स्वतःस 'यवन' म्हणविले आहे. हे यवन मूळचे ग्रीक की कसे, यावर पंडितांचा वाद आहे, तो त्यांनी घालावा. आमचे लक्ष त्यांच्या देणग्यांकडे आहे. चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी काम करून दिले. चिट नावाच्याने भिक्षुसंघास भोजनमंडप दिला. आणि इरिल नावाच्याने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, खोदवून दिली. वाचकांनी क्षणभर थांबून या गोष्टीचा विचार करावा. परका मनुष्य परमुलखात येतो. तेथील उन्हाळा भोगतो. आणि येथील माणसांस कशाची वाण आहे हे ओळखून कातळात पाण्याची दोन टाकी ठेवून जातो. मातोश्रींनी जो प्रश्न विचारला तो या इरिलास विचारण्याची वेळच आली नसती. गोड्या पाण्याची किंमत त्यास कळली होती. प्रवासाने दृष्टी विशाल होते याचा आमच्या पाहण्यातील सर्वांत जुना पुरावा हा. आणि तो पुण्याहून अडीच-तीन तासांच्या रस्त्यावर आहे. आमच्या पुतण्याने तो पाहिलेला नाही. जुन्नर तालुक्यात खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, जिच्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ येतात, तीही त्याने पाहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली जुन्नरास पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. पण ज्यांचे आजोळ वा आजोबांचे गाव या तालुक्यात आहे त्यांचीच मुले येथे परकी आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आता जुनी झाली. गावातील कळसा फुटला तरी चालेल पण वळसा युरोपचा हवा, अशी नवी म्हण करावी लागेल.

यावर आमच्या बंधूंनी जे उत्तर दिले त्यास मात्र आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. ते म्हणाले, "दादा, येडगावला मुलांना आठ दिवस ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. उसात बिबट्या आहे. संध्याकाळी सहानंतर अंगणात सोडता येत नाही." ही भीती खरी आहे. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला, आणि उसाबरोबर बिबट्याही घरच्यासारखा झाला. माणिकडोहास बिबट्यांसाठी निवारा-केंद्र आहे, आणि जुन्नर-शिरूरच्या बाजूस मुलांवर हल्ले झाल्याच्या वार्ता आपण वाचतो. बंधूंचे बोलणे ऐकून आम्ही मान डोलाविली आणि उठलो. जिना उतरताना मनात आले ते असे: ज्या घरी मुलांस आठ दिवस ठेवण्याची आपली छाती होत नाही, त्या घरी ८२ वर्षांच्या आईस बारा महिने ठेवण्याची आपली छाती कशी होते?

येथून पुढे हा लेख आमच्या बंधूंविरुद्ध राहत नाही, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. गेल्या दिवाळीत मातोश्रींनी दोन गोष्टी सुचविल्या होत्या. माजघरावरील दोन वासे कुजले आहेत ते बदलावे, आणि परसाकडे जाण्याच्या वाटेवर दिवा लावून भोवती जाळी ठोकावी. आम्ही दोघा भावांनी त्यावर 'सध्या हात जरा आखडता आहे' असे सांगितले होते. बंधूंच्या दहा लाखांकडे बोट दाखविताना आमची उरलेली बोटे आमच्याकडेच वळलेली आहेत. कारण गेली तीन वर्षे मेच्या सुट्टीत आम्ही येडगावी दोन रात्रींहून अधिक राहिलो नाही. कधी उत्तरपत्रिका होत्या, कधी परिसंवाद. निमित्त विद्वत्तेचे असले म्हणजे पळ काढणे पळ राहत नाही, अशी आमची समजूत होती.

मेमध्ये येडगावचा जलाशय खाली जातो. काठची माती उघडी पडून भेगाळते. आमचा बुडालेला मळा जेथे होता तेथील बांधाचे दगड वर येतात. कालव्यास आवर्तन सुटते आणि येथले पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करीत सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जाते. त्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात वाद होतात, मोर्चे निघतात; वरच्यांस वाटते आपले पाणी गेले, खालच्यांस वाटते आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही. हा वाद ज्या मुलाने आपल्या आजीच्या ओसरीवर बसून ऐकला, त्यास कोरड्या कातालोनियातील माणसाचे दुःख सांगावे लागणार नाही; ते त्यास आपसूक कळेल. ज्याने तो ऐकला नाही, त्यास बार्सिलोनातही फक्त हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचे पाणी दिसेल. आम्ही विहिरीत पांगाऱ्याचा बिंडा कमरेस बांधून पोहावयास शिकलो. हे काही मोठे शौर्य नव्हे, परंतु पाणी खोल असते, ते आटते आणि ते कोणाचे तरी असते, एवढे त्यातून आम्हांस समजले.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. भूमध्य समुद्रावर अवश्य जावे. परंतु पहिल्याने नव्हे. ज्या मुलाने आपले गाव, आपला घाट आणि आपला किनारा पाहिला आहे त्याने परका किनारा पाहावा. त्यास तेथे तुलना करता येईल, आणि परत येऊन भांडताही येईल. दुसरे, कोकणच्या किनाऱ्यावर वर्षातून एकदा तरी जावे, आणि तेथील घाण पाहून नाक मुरडून परत न येता ग्रामपंचायतीस व जिल्हाधिकाऱ्यांस पत्र लिहून यावे. पुढील वर्षी पुन्हा जाऊन त्या पत्राचे काय झाले ते विचारावे. ज्या वर्गास व्हिसाच्या अर्जासाठी वीस कागद जमविता येतात त्यास हे एक पत्र जड नाही. तिसरे, ज्यांचे कोणी वडीलधारे गावी एकटे आहे त्यांनी सुट्टीच्या खर्चाच्या यादीत पहिली ओळ त्या घराची लिहावी, आणि ती लिहिल्यानंतर उरेल त्यात युरोप बसवावा. न बसल्यास युरोप कोठे पळून जात नाही. माणसे जातात.

बंधूंनी आगाऊ रक्कम भरली आहे आणि ते जाणार आहेत. त्यांचा प्रवास सुखाचा होवो. तिबेरच्या खोऱ्यातील त्या छायाघटिकेचा पत्ता आम्ही पुतण्यास लिहून दिला आहे. आमच्या वाट्याचे तिकीट आम्ही काढले नाही. वाशांचे लाकूड नारायणगावी सांगून ठेविले आहे, दिव्याचे व जाळीचे काम त्याच आठवड्यात धरावयाचे आहे, आणि परीक्षेचे काम उरकताच आम्ही येडगावी जाऊन संबंध मे महिना राहणार आहोत. हे कळविले तेव्हा मातोश्रींनी आनंद दाखविला नाही; "महिनाभर? मग पाण्याची दुसरी टाकी धुवून घ्यायला पाहिजे," एवढेच म्हणाल्या.